जाऊन-येऊन

लोक प्रवासाला निघतात ते घरापासून लांब जाता यावं म्हणून. आमचे आप्पा निघतात ते रात्री घरी परत येता यावं म्हणून. जिथं सकाळी जाऊन रात्री आपल्याच गादीवर पाठ टेकता येत नाही, ते ठिकाण भूगोलाच्या पुस्तकात खुशाल असावं, आप्पांच्या यादीत नसतं. काशी म्हणा, काश्मीर म्हणा, कन्याकुमारी म्हणा, त्यांचा प्रश्न एकच: "जाऊन-येऊन होतं का?" होत नसेल तर विषय मिटला.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. राहायला कराडला, आमच्याच बोळात. उभी नोकरी एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कोण किती वाजता गेटातून आत शिरला, कोण जेवणाच्या सुट्टीतून किती मिनिटं उशिरा परतला, ह्यावर डोळा ठेवण्यात जन्म गेलेला माणूस एकदम घरी बसला की काय होतं, ते आमच्या काकीला विचारा. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी दूधवाला, पेपरवाला आणि धुणंभांडीवाली ह्या तिघांना लेट मार्क लावले. धुणंभांडीवाली काम सोडून गेली त्या दिवशी काकी म्हणाली, "अहो, जरा बाहेर फिरून या." तिच्या मनात होतं, कृष्णेच्या घाटावर जाऊन या. आप्पा कोल्हापूरला जाऊन आले.

ती सुरुवात. तेव्हापासून माणसांच्या ऐवजी ते आसपासच्या शहरांची हजेरी घेतात. "जरा सांगली बघून येतो," असं म्हणून चपला घालतात. काही काम आहे का म्हणून विचारलं तर त्यांना राग येतो. "काम कशाला पाहिजे? आहे का जागेवर, बघून यायचं." कोल्हापूर, सांगली, मिरज, सातारा ही चार शहरं जागेवर आहेत ह्याची खात्री महिन्याभरात झाली नाही, तर त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

ह्या छंदाला कराड फार सोयीचं पडतं, हे मान्य केलं पाहिजे. वर सातारा, खाली कोल्हापूर, पूर्वेच्या अंगाला सांगली-मिरज. कुठंही निघालं तरी दोन-अडीच तासांचा मामला. आप्पांच्या मते देवानं आधी कराड ठेवलं आणि मग हाताशी असावीत म्हणून बाकीची शहरं भोवती मांडली. हे कोल्हापूरकरांना कुणीतरी सांगायला हवं. मी सांगणार नाही.

जायच्या आदल्या रात्री पिशवी भरली जाते. पिशवी खाकी, कारखान्यातली, बंद तुटून दोनदा शिवलेली. तिच्यात पाण्याची बाटली, पंचा, काकड्या, चाकू, तिखट-मिठाची पुडी, बॅटरी, आणि कालचा पेपर. पेपर आधी वाचायला, मग अंगाखाली घ्यायला आणि शेवटी पुडी बांधायला. काकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी देते. बाहेर मिसळ खायची हे ठरलेलंच असतं, तरी दशम्या लागतात. "बस बंद पडली तर?" आजवर त्या दशम्या बस बंद पडल्यामुळं कधी खाल्ल्या गेल्या नाहीत. बस सुरू झाल्या झाल्या खाल्ल्या जातात.

गाडी एसटीचीच. स्वतःच्या मोटारीत बसून पोराबरोबर जाणं त्यांना आवडत नाही, कारण मोटारीत मागं बसून कुणाला काही सांगता येत नाही. एसटीत पन्नास माणसं असतात. शिवाय तिकिटाचं गणित. पासष्टी ओलांडल्यावर आप्पांचं तिकीट अर्धं झालं, पण काकीचं वय कमी, तिचं पूर्ण. मग 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आप्पांच्या संसारात एक वेगळाच गोडवा आला. "आम्ही दोघं मिळून एक," असं ते कंडक्टरला सांगायचे. लग्नातसुद्धा त्यांनी असलं काही म्हटलं नव्हतं, असं काकी सांगते.

विनाथांबा गाडी मात्र त्यांना चालत नाही. गाडी कशी, कासेगावला थांबली पाहिजे, पेठ नाक्यावर थांबली पाहिजे, किणीला कुणी हात केला तर तिथंही थांबली पाहिजे. प्रत्येक थांब्यावर आप्पांना काहीतरी ठाऊक असतं आणि शेजारच्याला ते ठाऊक नसतं. शेजारचा बिचारा कोल्हापूरला कोर्टाच्या तारखेला निघालेला असतो. त्याला आप्पा विचारतात, "खिद्रापूर बघितलंय?" तो नाही म्हणतो. मग आप्पांचं ते वाक्य येतं, जे आमच्या घराण्यात आता सगळ्यांना पाठ आहे: "एवढं जवळ असून बघितलं नाही?" त्यात दुःख असतं, धक्का असतो, आणि पुढच्या दीड तासाची नांदी असते.

कोल्हापूरचा त्यांचा मोठा सण म्हणजे किरणोत्सव. वर्षातून दोनदा, जानेवारी संपून फेब्रुवारी लागताना आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. निदान रीत तशी आहे. आप्पा तिन्ही दिवस जातात, म्हणजे तीन वेळा जाऊन तीन वेळा येतात. एकदा मी त्यांना म्हटलं, "आप्पा, तिथंच राहा की दोन रात्री, धर्मशाळा आहेत." ते माझ्याकडं बघत राहिले. सूर्य रोज घरी जातो, मग मी का नको, असं त्यांना म्हणायचं असावं.

गर्दीत लोक हात जोडून उभे असतात. आप्पांच्या एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात डायरी. किरण गरुडमंडपात किती वाजता, उंबऱ्यावर किती वाजता, चरणांवर किती वाजता, सगळं टिपलं जातं. ढग आले आणि किरणं मध्येच विरली, तर बाकीचे हळहळतात. आप्पा डायरीत लिहितात: "सूर्य गैरहजर." बाष्प, धूळ, वाटेत आलेल्या इमारती ह्या सबबी त्यांच्यापुढं चालत नाहीत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी ह्याहून चांगल्या सबबी ऐकल्यात. आणि तिसऱ्या दिवशी खरंच मूर्तीच्या मुखावर ऊन आलं, घंटा वाजल्या, की मात्र डायरी खाली जाते. आप्पा डोळे पुसतात आणि मला म्हणतात, "वेळेत आला लेका."

किरणोत्सव हा त्यातल्या त्यात रुळलेला भाग. त्यांची खरी आवड अशा गोष्टींत असते, ज्या बघायला कोल्हापूरकर स्वतः जात नाहीत. टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयाचं नाव काढलं की त्यांना एकच आठवतो, तो पोसायडन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये खोदकाम झालं, त्यात ही ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती मिळाली. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, त्या वाटेनं ती आली. आप्पांना तिच्याविषयी अपार जिव्हाळा आहे. समुद्राचा देव, आणि आयुष्य काढलं पंचगंगेच्या काठी! "विचार कर," ते म्हणतात, "दोन हजार वर्षांपूर्वी हा गडी समुद्रापलीकडून कोल्हापूरला आला. आणि आमच्या चिरंजीवांना पुण्याहून कराडला यायला सुट्टी मिळत नाही."

मग खासबाग. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान 1912 साली सुरू झालं. लोक तिथं कुस्त्या बघायला जातात. आप्पांना ते रिकामं बघायला आवडतं. भेळेची पुडी घेऊन पायरीवर बसायचं आणि मोकळ्या हौद्याकडं बघत जुन्या कुस्त्या सांगायच्या. कुठल्या पैलवानानं कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे इतक्या तपशिलानं, की दोन बाकं सोडून बसलेला माणूसही उठून जवळ येतो. त्यांतल्या निम्म्या कुस्त्या आप्पांच्या जन्माआधीच्या असतात. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं, तेव्हा बातमी वाचून आप्पा पहिल्या गाडीनं गेले. त्या दिवशी पिशवी नव्हती, दशम्या नव्हत्या. रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले आणि परत आले. काकीनं विचारलं, "कुणाला भेटलात?" म्हणाले, "भेटायला कोण हवं? जाऊन आलो."

कोल्हापूरहून निघण्याआधी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचं, हा रिवाज. म्हशी समोर उभ्या, धार समोर, फेसाचा पेला हातात. "ह्या दुधावर इथले पैलवान झालेत," असं म्हणून आप्पा दुसरा पेला मागतात. पैलवान दुधानंतर जोर-बैठका मारतात, आप्पा एसटीत बसतात, हा फरक त्यांच्या पोटाला कळतो, त्यांना कळत नाही. विनाथांबा गाडीवर त्यांचा राग का, ह्याचं खरं कारण मला पेठ नाक्यावर एका संध्याकाळी समजलं. ते इथं लिहीत नाही.

खिद्रापूर हे त्यांचं हळवं ठिकाण. कृष्णेच्या काठी, कर्नाटकच्या अगदी सीमेवर. गाड्या बदलत जावं लागतं, तरी जाऊन-येऊन होतं. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या वेळचं कोपेश्वराचं देऊळ. पुढं स्वर्गमंडप, 48 खांबांचा, आणि मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. त्या आभाळाच्या बरोबर खाली दगडाची गोल शिळा आहे. आप्पा तिच्या कडेला पंचा अंथरून सरळ उताणे पडतात. सहलीला आलेली शाळेची पोरं हसतात. आप्पा त्यांनाही पडायला लावतात. मग वीस-पंचवीस पोरं, दोन गुरुजी आणि एक म्हातारा असे सगळे पाठीवर पडून आभाळ बघतात, आणि एखादी बाई दर्शनाला आत शिरताना घाबरून मागं सरते.

तिथली कथा सांगताना तर त्यांना भलताच चेव येतो. ह्या देवळात नंदी नाही. का नाही? दक्षाच्या यज्ञाला सती माहेरी निघाली, तिला घेऊन नंदी गेला, तो इथं परत आलाच नाही. तो पलीकडं, कर्नाटकातल्या यडूरला आहे. इकडं महादेव कोपले, म्हणून कोपेश्वर. त्यांची समजूत घालायला विष्णू आले, तेही शेजारी लिंगरूपानं बसलेत. आप्पांचा सारांश: "बाईसाहेब माहेरी गेल्या, गाडी-ड्रायव्हर तिकडंच अडकले, आणि साहेब घरात चिडून बसले." हे सांगताना काकी शेजारी असली तर ती हमखास म्हणते, "मग मला कधी नेताय माहेरी?" काकीचं माहेर सोलापूरचं. जाऊन-येऊन होत नाही.

पावसाळ्यात माणसं घरी बसतात. आप्पांचा खरा हंगाम तेव्हा सुरू होतो. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की ते आधी प्रीतिसंगमावर जातात. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी उभं राहून पाणी किती चढलं ते बघायचं, घरी येऊन डायरीत वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी सांगली गाठायची. का? "आपलं पाणी पोचलं का, बघून येतो." सांगलीकरांचा पावसाळा आयर्विन पुलावरच्या फुटांत मोजला जातो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पुलावर छत्र्या धरून उभ्या असलेल्या सांगलीकरांत आप्पाही उभे असतात. मात्र त्यांच्या चेहऱ्यावर चिंता नसते, पार्सल वेळेत पोचल्याचं समाधान असतं. एकदा एका सांगलीकरानं चिडून विचारलं, "काका, तुम्ही कुठले?" आप्पा म्हणाले, "वरचे." पुढचं मी ऐकलं नाही, मी पुलाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलो होतो.

2019 चा महापूर आला तेव्हा मात्र त्यांनी हे वाक्य उच्चारलं नाही. पाणी 57 फुटांवर गेलं. सांगलीतले दोन नातेवाईक त्यांच्या बायकापोरांसह आप्पांच्या तीन खोल्यांत राहायला होते आणि आप्पा जिन्याखाली झोपत होते. पाणी ओसरल्यावर ते खराटा आणि घमेली घेऊन सांगलीला गेले. त्या खेपेला त्यांनी जाऊन-येऊन केलं नाही. मुक्काम केला. आपणहून केलेला हा त्यांचा आजवरचा एकमेव खाडा.

सांगलीत त्यांना गणपती मंदिर लागतं, बाजारात हळदीचा वास लागतो, आणि हरिपूर तर लागतंच. चिंचेच्या झाडांखालून गेलेला तो रस्ता, संगमेश्वराचं देऊळ, कृष्णा-वारणेचा संगम. जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं हरिपुरात होती, ती पुरात गेली. ती कुठं होती ते आप्पा छत्रीच्या टोकानं दाखवतात. बघायला आता तिथं जमीनच असते. तरी आपण बघायचं, आणि मान हलवायची. "संगीत शारदा" लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल ह्याच गावचे, ही माहिती मिळाल्यापासून तर आप्पा हरिपुरात प्रत्येक जुन्या घराकडं आदरानं बघतात, न जाणो त्यांचंच निघालं तर.

मिरजेत सतारमेकर गल्ली. आप्पांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठलाही राग त्यांना भूप वाटतो. पण तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ते तासभर बोलू शकतात. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून, पोखरून त्यांना आकार देतात, आणि त्याला लाकडी दांडी जोडतात. कारागीर तारा लावत असला की आप्पा समोर मांडी घालून बसतात. पहिल्यांदा त्यांना गिऱ्हाईक समजून चहा आला. आता गिऱ्हाईक नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, तरी चहा येतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आप्पांनी आमच्या बोळात पेढे वाटले. एका पेढ्याचे चार तुकडे करून, पण वाटले.

साताऱ्याबद्दल जरा कमी लिहितो, कारण साताऱ्याला आप्पा थोडे कडक असतात. जिल्ह्याचं ठिकाण. नोकरीत असताना कामगारांचे खटले घेऊन हेलपाटे घातलेले, त्याची अढी आहे. कासच्या फुलांना ते फक्त मधल्या वारी जातात आणि ताटव्यात लोळून फोटो काढणाऱ्यांना हाकलतात, त्यांचा तिथं काही अधिकार नसताना. लिंबची बारामोटेची विहीर त्यांना फार प्रिय. विहिरीत महाल आहे हे पाहुण्याला आधी न सांगता त्याला पायऱ्यांवरून खाली नेतात आणि त्याचं तोंड उघडं पडलं की स्वतः बांधल्यासारखे बाजूला उभे राहतात. औंधचं तसंच. एवढंसं गाव, आणि टेकडीवरच्या भवानी संग्रहालयात हेन्री मूरचं शिल्प! बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये हे संग्रहालय उभं केलं. आप्पांना मूर कोण ते ठाऊक नाही. पण लंडनचा माणूस औंधला पोचतो आणि कराडचा पोचत नाही, हे त्यांना सहन होत नाही.

ह्या सगळ्याचा मार सोसतात ते पाहुणे. आप्पांची थोरली लेक नागपूरला दिलेली. जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तेव्हा फराळ होऊन आडवे होण्याचा त्यांचा विचार होता. आप्पांनी पाडव्याला पहाटे चारला त्यांना उठवलं आणि पन्हाळ्यावर नेलं. तीन दरवाजा झाला, अंधारबावीत बॅटरी लावून उतरणं झालं, सज्जाकोठी झाली. अंबरखान्यात 25 हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात, तर त्याची साखरेची पोती किती होतील, हा हिशेब आप्पांनी जावयाला तोंडी घातला. जावई इंजिनिअर, उत्तर चुकलं. नवीन बूट चावत होते, ते त्यांनी हातात घेतले होते. शेवटी शिवा काशिदांच्या पुतळ्यापाशी आले. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून स्वतः महाराजांचं सोंग घेऊन मृत्यूला सामोरा गेलेला माणूस. तिथं आप्पा एक शब्द बोलत नाहीत. टोपी काढून उभे राहतात आणि चालू लागतात. जावई नंतर मला म्हणाले, "त्या दोन मिनिटांसाठी मी बाकीचं सगळं माफ केलं." पुढच्या दिवाळीपासून मात्र ते पाय मुरगळूनच कराडला येतात.

पोरांनी एकदा उलटा प्रयोग केला. वर्गणी काढून आई-वडिलांना दिल्ली-आग्र्याच्या सहलीला धाडलं, विमानानं. काकी खूश होऊन आली. दोन महिने मोगलांशिवाय बोलत नव्हती. आप्पांना विचारलं, "कसा वाटला ताजमहाल?" बराच विचार करून म्हणाले, "चांगलाय. पण लांब आहे."

तरी त्यांच्या ह्या राज्यात एक भोक आहे, आणि ते काकीनं मला दाखवलं. आप्पांच्या गच्चीवरून आगाशिवचा डोंगर दिसतो. जखिणवाडीच्या अंगाला तिथं जुनी बौद्ध लेणी आहेत. रिक्षेनं पायथ्याशी जावं, तासाभरात चढून-उतरून यावं. आप्पा तिथं एकदाही गेलेले नाहीत. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं: "आप्पा, एवढं जवळ असून बघितलं नाही?" जराही न गडबडता म्हणाले, "ते गावातच आहे रे. गावात कुणी फिरायला जातं का?"

अशी माणसं गावोगाव असतात. परतवाड्यात असतील तर चिखलदऱ्याला स्वतःच्या परसात गेल्यासारखी जातात. सिन्नरात असतील तर नाशिकच्या लोकांना नाशिक समजावून सांगतात. जगातल्या सात आश्चर्यांशी त्यांचं भांडण नाही, फक्त ती चुकीच्या जिल्ह्यात आहेत एवढीच तक्रार. माझ्या लक्षात आलंय की मीसुद्धा हल्ली जेजुरीचा विषय निघाला की एसटीच्या वेळा आठवू लागतो.

आप्पांना नुकतीच पंच्याहत्तर पूर्ण झाली. 75 च्या पुढच्यांना एसटी 2022 पासून फुकट आहे, राज्यात कुठंही. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस सुटणार. लेकीनं नागपूरहून फोन केला, "आप्पा, आता तिकीटसुद्धा नाही, या की." आप्पा म्हणाले, "फुकट आहे म्हणून लांब जायचं असतं होय?" आणि पहिलं शून्य रुपयांचं तिकीट त्यांनी साताऱ्याचं काढलं. कंडक्टरला ऐकवलं, "आता आम्ही दोघं मिळून अर्धं." ते तिकीट डायरीत चिकटवलंय. काकी म्हणते, तिचं सोलापूर अजून राहिलंय.

कधी सकाळी सहाच्या सुमाराला तुम्ही कराड स्टँडवर असाल, आणि खाकी पिशवी मांडीवर घेतलेला एक म्हातारा तुम्हाला खिद्रापूर बघितलंय का म्हणून विचारील, तर उगाच "हो" म्हणू नका. "हो" म्हटलं की स्वर्गमंडपाचे खांब किती, असा पुढचा प्रश्न असतो. सरळ नाही म्हणा, खिडकीची जागा त्यांना द्या, आणि घरी फोन करून सांगा की जेवायला रात्रीच येणार. रात्री मात्र नक्की याल, त्याची हमी आप्पांची.